ज्याचं त्याचं कुलूप

कार्मोय बेटाच्या धक्क्यावर तोरुन्न रामस्लानचा विषय निघाला की तिचं नाव कुणी घेत नसे. पाठीमागे सगळे तिला 'कुलूप' म्हणत आणि ती समोर आली की गप्प बसत. तिला ते ठाऊक होतं. "कुलूप तर कुलूप," ती म्हणायची, "गंजलेलं तर नाही ना?"

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर क्रेनची देखभाल करणारी ती मेकॅनिक. विशीत पहिल्यांदा हेलिकॉप्टरने गेली तेव्हा त्या टोळीत ती एकटीच बाई होती, आणि तिला काम शिकवलं ते फोरमन हालवार ट्वेटने. हालवार तोंडाने तिखट, पण हाताने वाकबगार. क्रेनच्या वायर रोपवरून, म्हणजे तारा पिळून केलेल्या दोरावरून, फडकं कसं फिरवायचं हे त्यानेच तिला दाखवलं. आधी ग्रीस पुसायचं, मग फडकं दोराभोवती धरून सावकाश सरकवायचं; फडक्याचा धागा अडकला की तिथे तार तुटलीय असं समजायचं. "डोळे फसवतात, फडकं फसवत नाही," असं तो सांगे. पुढे तीसुद्धा पोरांना हेच शब्दाला शब्द सांगत असे, आणि ते कुणाचे आहेत हेही सांगायला विसरत नसे.

हालवारच्याच टोळीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दिवशी क्रेनवर तिघं काम करत होते. मेन स्विच बंद करून त्यावर एकच कुलूप लावलं होतं, हालवारचं. खाली मालाचं जहाज लाटांवर खालीवर होत ताटकळलं होतं, त्याचा कप्तान रेडिओवर कटकट करत होता. हालवारचं काम आटोपलं, त्याला वाटलं सगळेच बाहेर आलेत. त्याने कुलूप काढलं आणि क्रेन चालू करायला सांगितलं. तोरुन्न अजून दोर ओढणाऱ्या विंच यंत्राच्या जाळीआड वाकलेली होती. दोर गुंडाळणारा ड्रम अर्धाच फेरा फिरला, पण तेवढा पुरला.

चौकशीत 'आपसातल्या बोलण्यात गफलत' असं ठरलं. हालवार इस्पितळात आला, खिडकीत फुलं ठेवली, बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि जाताना म्हणाला, "असं होतं कधी कधी."

वर्षभराने ती कामावर परतली ती स्वतःचं लाल कुलूप घेऊन. किल्ली गळ्यात. मेन स्विचला तिने भोकं असलेली लोखंडी पट्टी बसवून घेतली. वर चढणाऱ्या प्रत्येकाने आपापलं कुलूप त्या पट्टीत अडकवायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच हलणार नाही. सगळ्यांची कुलपं लागल्याशिवाय ती पान्याला हात लावत नसे. जहाजं थांबली, कप्तान ओरडले, दोन फोरमननी तर ही बाई आम्हाला नको म्हणून वर कळवलं. ती बधली नाही. शेवटी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ती किनाऱ्यावर आली आणि धक्क्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवू लागली. मोडीत निघालेल्या एका प्लॅटफॉर्मची जुनी क्रेन तिथे सरावासाठी उभी केलेली होती; तिच्या स्विचलाही तशीच पट्टी होती.

त्या वर्षी हिवाळा तोंडावर असताना एका कंपनीने आपली माणसं उजळणीसाठी पाठवली. त्यांत हालवार होता. साठीला आलेला, दाढी पांढरी, पण शिडी अजून तरण्या पोरासारखा चढणारा. तोरुन्नला पाहून त्याने नुसती मान हलवली. तिनेही हलवली.

परीक्षेच्या दिवशी हालवारबरोबर एन्द्रे आणि ईवर हे दोघं होते, दोघंही त्याच्याच टोळीतले. क्रेनचा बाहू खाली टेकवलेला, दोर सैल सोडलेला, वारा भन्नाट. हालवारने मेन स्विच बंद केला, आपलं कुलूप लावलं. एन्द्रेने खिशातून स्वतःचं कुलूप काढलं तसा हालवारने त्याला हाताने अडवलं.

"माझं लागलंय, तिघांना पुरे. चढा."

एन्द्रेने एकदा तोरुन्नकडे पाहिलं, एकदा हालवारकडे. मग कुलूप परत खिशात घातलं आणि शिडीला हात घातला. ईवर त्याच्या मागोमाग.

"खाली या तिघंही," तोरुन्न म्हणाली. "आजची परीक्षा संपली. नापास."

ती आवाज चढवून बोलली नाही, म्हणून हालवारला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा लाल झाला आणि तो हातमोजे ओढून काढत निघून गेला.

तासाभरात केंद्राचा प्रमुख त्रिग्वे याने तिला बोलावलं. त्रिग्वे वाईट माणूस नव्हता, पण त्याला सगळ्यांचं मन राखायची खोड होती. त्याने तिला कॉफी दिली आणि समजावू लागला. सोमवारी या तिघांना समुद्रावर जायचंय, परवान्याशिवाय कंपनी त्यांना हेलिकॉप्टरमध्ये चढू देणार नाही. उजळणीत हालवारने दोर तपासला तो किती सुरेख, पुलीच्या खाचा मोजल्या त्या किती नेमक्या, हे तिलाही मान्य होतं. मग एका कुलपासाठी एवढं ताणायचं? आणि लोक काय म्हणतील, जुना राग काढला असंच ना?

"म्हणू देत," तोरुन्न म्हणाली. "तुला त्याला पास करायचं असेल तर कर. सही तुझी, नाव तुझं. उद्या कुणाचा हात गेला तर त्याच्या बायकोला फोनही तूच कर."

त्रिग्वेने पेन उचललं, बोटांत फिरवलं आणि ठेवून दिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, की हे लोक पुन्हा आपल्याकडे येणार नाहीत. ती म्हणाली, नाही आले तर नाही.

दुपारी जेवणाच्या खोलीत ती डब्यातला तपकिरी चीजचा पाव खात होती. हालवार आला आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसला. आजूबाजूचे वळून बघू लागले.

"दोन बोटांचा सूड घेतेस?" त्याने विचारलं.

तिने घास संपवला. डावा हात टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"सूड घ्यायचा असता तर तुला पास केलं असतं, हालवार. तू गेला असतास आणि एक दिवस त्या एन्द्रेला चिरडून आला असतास. मग जन्मभर बसला असतास टोपी फिरवत."

"मला शिकवतेस? तुला फडकं धरायला मी शिकवलं."

"हो, तूच. आणि छान शिकवलंस. जे एक शिकवायचं राहून गेलं, ते मला ड्रमने शिकवलं."

हालवारची नजर तिच्या हातावर गेली. इतक्या वर्षांत त्याने तो असा उजेडात कधी पाहिलाच नव्हता. मग उठला, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि गेला. माफी मागितली नाही. तिलाही ती नको होती.

सोमवारचं हेलिकॉप्टर त्या तिघांना न घेताच उडालं. त्याच आठवड्यात ते परत परीक्षेला आले. हालवारने आपलं कुलूप पट्टीत अडकवलं आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं खाडकन दाबलं. एन्द्रेने स्वतःचं लावलं, ईवरने लावलं.

"झालं समाधान?" हालवारने विचारलं.

"नाही. चालू करून बघ."

त्याने दात-ओठ खात चालू करायचं बटण दाबलं. क्रेन जागची हलली नाही, म्हणजे वीज खरोखरच बंद होती. परत दाबलं, मग तिच्याकडे न बघता शिडी चढू लागला. त्या दिवशी तिघंही पास झाले.

कंपनीने मात्र आपली माणसं दुसऱ्या केंद्राकडे पाठवायला सुरुवात केली. तिथे म्हणे कमी दिवसांत भागतं. जानेवारीभर तोरुन्नला शिकवायला कुणी नव्हतं. त्रिग्वेने तिला क्रेनचा गंज खरवडून रंग द्यायला लावलं. तिने तो दिला, वाऱ्यात, आठ बोटांनी, वरपासून खालपर्यंत. जेवणाच्या खोलीत काही जण तिच्या टेबलावर बसेनासे झाले. एन्द्रे मात्र सुट्टीवर घरी आला की डोकावून जाई. स्वतःचं कुलूप लावलं नाही की हालवार नव्या पोरांच्या अंगावर खेकसतो, असं त्याने एकदा हसत सांगितलं. तोरुन्न हसली नाही. बरं करतो, एवढंच म्हणाली.

वसंतात एक नवी कंपनी आली. तिचा माणूस धक्क्यावर उभा राहून आधी हेच विचारू लागला, की प्रशिक्षणाचे दोन दिवस कमी करता येतील का, लोकांना घाई असते. त्रिग्वे उत्तर जुळवत होता. तोरुन्नने हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"नाही," ती म्हणाली. "चला, क्रेन दाखवते."