दोनशे पंधराचे टायर

आमच्या गाडीच्या मागच्या सीटला लाल शिवणीचं काळं कव्हर आहे. घेतलं तेव्हा होतं तसंच आहे अजून, एक डाग नाही की सुरकुती नाही. आलेले पाहुणे म्हणतात, गाडी किती जपली आहे. मागं कुणी बसतच नाही, हे त्यांना मी सांगत नाही.

गाडी आली तेव्हा साधी पांढरी होती. आम्ही नांदेडला राहतो, ह्यांचा अर्धापूरच्या केळीचा व्यापार आहे. रोज बागांतून फिरावं लागतं म्हणून गाडी घेतली. तेव्हा तिला लोखंडी रिंगा होत्या, चौदा इंचांच्या. टायर अरुंद आणि उंच. पहिल्या दिवशी मला मागं बसवून माळटेकडीपर्यंत नेलं होतं आणि विचारलं होतं, "धक्का लागतोय का?" लागत नव्हता. तेवढं एकदाच विचारलं.

मग ह्यांना एक मित्र भेटला. त्याचं गाड्या सजवायचं दुकान आहे. त्यानं आधी काचा काळ्या केल्या. मग स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, कोंबडी अंड्यावर बसते तशी. मग सतराच्या चकचकीत मॅगव्हील रिंगा आल्या आणि त्यांवर दोनशे पाचचे टायर. गाडी मीच धुते, त्यामुळे टायरच्या अंगावरचे आकडे मला पाठ झाले. पहिला आकडा रुंदीचा, शेवटचा रिंगेचा. मधला टायरच्या उंचीचा. तो जेवढा कमी तेवढं रबर कमी, आणि रबर कमी तेवढा खड्डा सरळ कमरेत. हे मला कुणी शिकवलं नाही. कमरेनंच शिकवलं.

लोखंडी रिंगा जिन्याखाली गेल्या. त्यातल्या एकीवर मी पाण्याचा रांजण ठेवते. चुंबळीपेक्षा बरा बसतो, हलत नाही.

नवे टायर आल्यावर पहिलं लग्न औशाला होतं. मागं मी, जाऊ आणि नणंद, पुढं हे आणि त्यांचा तो मित्र. नांदेड सोडलं आणि प्रत्येक खड्ड्याला मागून खर्र आवाज यायला लागला. अहमदपूरच्या पुढं जळकट वास सुटला. गाडी बाजूला घेतली. मित्रानं खाली वाकून चाकावरचा पत्रा चाचपला आणि म्हणाला, "टायर घासायलाय, मालक. मागं लोड लई झाला."

लोड म्हणजे आम्ही.

नणंद फटकळ. ती म्हणाली, "दादा, केळीचे घड हाव का आम्ही? उतरवा, वजन करा, पुन्हा चढवा!"

हे हसले नाहीत. लातूरच्या बसस्टँडवर आम्हाला उतरवलं. "औशाच्या गाड्या सारख्या हायत. या तुम्ही एसटीनं. आम्ही म्होरं होतो." आम्ही तिघी पैठण्या सावरत फलाटावर उभ्या. एक म्हातारा बिडी विझवून म्हणाला, "वऱ्हाड चुकलं वाटतं." जाऊबाई त्या दिवसापासून आमच्या गाडीत बसल्या नाहीत. नणंदेनं ती गोष्ट सगळ्या नात्यात हसून सांगितली. मला हसू आलं नाही, कारण त्यानंतर तो नियमच झाला. कुठं जायचं असलं की हे गाडीनं आणि मी एसटीनं. एकटी असले तर पुढच्या सीटवर जागा मिळते, तीही मित्र नसला तर.

माझी माय जळकोटकडच्या खेड्यात एकटी राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तव्यावरची भाकरी भाजली का हे ती वासानं ओळखायला लागली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी एक डोळा करू, मग महिन्याभरानं दुसरा. मी ह्यांना म्हटलं, मायला गाडीनं न्यायचं का. ऑपरेशन झाल्यावर धक्का लागू द्यायचा नाही, गर्दी-धुळीत न्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

हे म्हणाले, "नेऊ की. टायर गुळगुळीत झालेत, ते बदलायचेच हायत. बदलले की आणू मामीला."

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं सासू जावयाच्या शेजारी बसत नाही. जावई समोर आला की डोक्यावरून पदर पुढं ओढायचा, तो बाजेवर बसला तर आपण खाली बसायचं. पुढच्या सीटवर, गिअरच्या दांड्याला लागून जावयाच्या बाजूला बसणं मायच्या जन्मात होणार नव्हतं. ती बसली तर मागंच बसणार. आणि मागं माणूस बसवायचं तर टायर बदलताना साइज बदलायला पाहिजे होता. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी जिन्याखालचा रांजण उतरवला, चारही रिंगा बाहेर काढून राखेनं घासल्या आणि दारात उभ्या करून ठेवल्या. ह्यांनी पाहिल्या. मला वाटलं, समजलं.

टायरच्या दुकानात मलाही नेलं, कारण नव्या टायरांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि चाकांखाली लिंबं ठेवायची हे काम घरच्या बाईचं. मी पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. मित्र होताच. दुकानदार वयस्कर, मेंदी लावलेल्या दाढीचे, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे.

ते म्हणाले, "देखो मालक, हाय तोच साइज टाकायचा तर टाका. सोळाची रिंग घेतली तर रबर जरा वाढंल, धक्का कमी. आणि कंपनीचा मूळ साइज टाकला तर गाडी मलईवानी चालंल. फॅमिली बसते का मागं?"

"बसते की," हे म्हणाले.

"मग मूळ साइज. दिसायला कुछ नहीं, पण बायका-लेकरं दुवा देतील."

मग कंपन्यांचं सुरू झालं. एक देशी, दणकट पण आवाज करणारी. एक बाहेरची, मऊ, पण लवकर झिजणारी. एक चायनाची, तिच्या टायरवर पांढरी ठसठशीत अक्षरं. ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात एक पोरगा टायरवर थाप मारून कायकाय सांगत होता. दोघं मित्र डोक्याला डोकं लावून बघत होते. लग्नासाठी मुलगी बघायला आल्यावर माणसं इतकी बारकाईनं बघत नाहीत. मला बघायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत ठरलं होतं.

मी परक्या माणसांत बोलत नाही. लहानपणापासून तसंच. शाळेत हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "जुन्या रिंगा आहेत घरी. घासून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर चौदाचे टायर बसवले तर मागं माणूस बसंल."

मग मित्र मांडीवर थाप मारून हसला. "वहिनी! चौदाचे लावले तर गाडी काळी-पिवळी दिसंल. मग मालकानं जळकोट-उदगीर, जळकोट-उदगीर ओरडत शिटा भराव्या का?"

पाना धरलेला कामगारही हसला. दुकानदार तेवढे हसले नाहीत. ह्यांचे कान लाल झाले. म्हणाले, "हिला माय आणायची हाय. म्हणून आपण बैलगाडीची चाकं लावावी म्हणती."

पुन्हा हसणं. मी पिशवीतली लिंबं चाचपत बसले.

मग ह्यांनी मोठ्यानं सांगितलं, "दोनशे पंधरा दाखवा. पांढऱ्या अक्षरांचे."

दुकानदार म्हणाले, "दोनशे पाचच घासायलेत, मालक. दोनशे पंधरा लई घासतील. मागं एक माणूस जरी बसलं तरी आवाज येईल. आधीच सांगून ठेवतो."

"मागं कोण बसतंय?" हे म्हणाले.

मी चार पावलांवर बसले होते.

टायर बसले. मी उठले, चारही चाकांना हळदकुंकू लावलं. पांढऱ्या अक्षरांवर कुंकू सांडलं तर मित्र म्हणाला, "वहिनी, अक्षरावर नको, डाग पडतो." नारळ फोडला. लिंबं ठेवली. गाडी पुढं गेली आणि लिंबू फुटून माझ्या लुगड्यावर उडालं. घरी आल्यावर रिंगा पुन्हा जिन्याखाली लावल्या आणि रांजण वर ठेवला.

पण ह्यांनी शब्द दिला होता आणि ह्यांना शब्दाचं फार. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच आम्ही मायच्या गावी पोचलो. माय धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या, लेकीची गाडी आली म्हणून. मायनं हातानं चाचपत मागचं दार उघडलं, आत कोपऱ्यात अंग चोरून बसली. म्हणाली, "लई मऊ हाय गं बाई." गाडी वेशीपाशी गेली आणि खड्ड्यात खर्र झालं. मग दुसऱ्या खड्ड्यात. हे थांबले.

"मामी, तुम्ही म्होरं या. हिला येऊ द्या एसटीनं."

मायनं पदर आणखी पुढं ओढला. "म्होरं? न्हाई बापू. तुमच्या शेजारी कशी बसू? सासू हाव मी."

"आता कोण पाळतंय ते? टायर फाटंल की."

मायनं दाराचा खटका चाचपला. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "माझं काय वजन हाय गं? बोचक्याएवढी हाव." आणि हसून उतरली. "तुम्ही व्हा म्होरं, बापू. आम्ही मायलेकी येतो एसटीनं. मला सवय हाय."

हे गेले. मायची कपड्यांची पिशवी मागच्या सीटवर बसून लातूरला गेली. आम्ही फाट्यावर उभ्या राहिलो.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी पट्टी बांधून पुन्हा बजावलं, धूळ नको, गर्दी नको. म्हणजे एसटी नाही. मी म्हटलं, एखादी भाड्याची गाडी करू. हे भडकले. "घरची गाडी असून भाड्याची? गावात नाक कापून घेऊ?" मायनं आमचं ऐकलं. माझा हात सोडला आणि म्हणाली, "बसते मी म्होरं. भांडू नका."

मी तिला पुढं बसवलं. तिनं पदर पट्टीवरून हनुवटीपर्यंत ओढला, त्याचं टोक दातांत धरलं आणि तोंड काचेकडं फिरवलं. गाडी गेली. पांढरी अक्षरं गरगर फिरताना दिसली. मी बसस्टँडवर गेले.

मी गावी पोचले तेव्हा हे परत निघून गेले होते. माय उंबऱ्यात बसली होती, मान तशीच एका बाजूला ताठ. पदराचं टोक चावून भिजलं होतं. शेजारची भिंतीवरून मान काढून म्हणाली, "तुझी माय नवरीवानी म्होरं बसून आली की गं! आम्हाला वाटलं, जावयानं पळवून आणली." बाया हसल्या. माय हसली नाही. मी औषधाचे थेंब टाकायला तिचा पदर मागं केला तर म्हणाली, "सगळ्या रस्त्यानं बोलले न्हाई बघ. खोकलासुद्धा दाबला."

महिना झाला. डॉक्टरांचा दुसऱ्या डोळ्यासाठी निरोप आला. मी मायला फोन केला. ती म्हणाली, "कशाला? एका डोळ्यानं समदं दिसतंय. भाकर दिसती, दार दिसतं. जावईबापूला सांग, दुसऱ्यात काय न्हाई."

मी म्हटलं, एसटीनं जाऊ.

"आणि येताना?"

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच बोलली. आता मी विचारत नाही आणि तो डोळा पिकून चाललाय.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, ठणठणीत हाय तुझी माय. उगंच घाई करत होतीस."

मी अजूनही गाडी धुते. टायरच्या कडेला नव्या रबराचे बारीक केस असतात, ते अजून झिजलेले नाहीत. दुकानदार म्हणाले होते, मागं वजन नसलं तर पाच वर्षं सहज निघतील. पांढरी अक्षरं मला जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासावी लागतात, नाहीतर पिवळी पडतात.