घराखालून वाहणारा दमा

माझ्या बायकोचा दमा आमच्या घराखालून वाहतो, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळले. तोवर मी तो तिच्या छातीत शोधत होतो!

एकोणीसशे पन्नास साल नुकतेच उलटले होते. नागभीडजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर. धानाची मळणी होऊन तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घरी आली की यमुनेला धाप लागे. "अवो, हे तणशीच्या धुळीनं होते," ती दरवर्षी सांगे. पण इतके साधे कारण शिकलेल्या माणसाला पटते थोडेच! मी पांडुभाऊला बोलावले.

पांडुभाऊ जांभळीची बेचकी, म्हणजे दुबेळकी काडी, घेऊन विहिरींच्या जागा दाखवीत असे. (त्या विहिरींना पाण्याऐवजी दगड मुबलक लागे.) आमच्या खाटेपाशी त्याची बेचकी खाली वळली.

"गुरुजी, इथून जमिनीचा करंट जाऊन राह्यला. वहिनीचा दम तोच वढते!"

गावात वीज यायची होती. करंट मात्र आमच्या खाटेखाली पोचला होता! मी शाळेत चुंबकाचा धडा शिकवत असल्याने लगेच पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार काढून दिला. पांडुभाऊला तो नवीनच होता. त्याने तो ठेवून घेतला.

खाट चुलीपाशी नेली. धुराने यमुना खोकली. "पाहा, करंट इथीबी हाय!" पांडुभाऊ म्हणाला. खाट ओसरीत आणली. बेचकी तिथेही वळली. निपचित राहिली ती एकाच जागी: मागच्या कोठ्यात, बैलांच्या शेजारी, आढ्यापर्यंत रचलेल्या धानाच्या तणशीला लागून!

"तणसच तं मले मारते, अन् तिथीच झोपवता?"

"पण जमीन शुद्ध आहे," मी म्हणालो.

"जमीन का नाकानं घेऊ?"

तरी नेलीच. दुपारपर्यंत तिला एक वाक्य पुरे करता येईना, ओठ काळवंडले.

"करंट बाहेर निघून राह्यला," पांडुभाऊ आनंदाने म्हणाला. "आता सब्बल ठोकून त्याले इथीच दाबू!"

पहार ठोकायचा मान माझा. पहिलाच घाव तणशीच्या टेकूवर बसला आणि सगळी रास आम्हां दोघांवर कोसळली! बैल दावी तोडून पळाले. यमुना त्याआधीच भिंत धरत अंगणात गेली होती. आम्ही ठसकत बाहेर रांगलो, तेव्हा तिचा श्वास बराच मोकळा झाला होता.

"वहिनी... पाणी!" पांडुभाऊ घरघरला.

"मले काऊन मांगता, भाऊ? काडी फिरवा ना!"

शेजारणी धावून आल्या. "करंट सापडला का, बाई?"

"सापडला. ह्यायच्या डोक्यात हाय. खाट हलवता येते, मास्तरले कुठी हलवू?"

यमुना जाऊन आता वर्षे लोटली. तिची दोन्ही निदाने काडीवाचून केलेली, आणि दोन्ही अचूक. तणस मी त्याच आठवड्यात शेतावर हलवली. डोक्याचे काम तेवढे अजून राहूनच गेले आहे!