मिठाच्या दोन राशी

मे महिन्यातल्या दुपारी मिठाची रास उघड्या डोळ्यांनी बघता यायची नाही. डोळे किलकिले करावे लागायचे, तरी पापण्यांच्या आत ते पांढरं शिरायचंच... आणि त्या पांढऱ्यासमोर बा उभा असायचा, पायांच्या भेगांत खार बसलेला, हातात लांब दांड्याचं लाकडी फावडं. कोलशेतच्या खाडीकाठी एका शेठचं मिठागर होतं, बा तिथे मजूर होता, आणि सातवीत शाळा सुटेपर्यंत माझा प्रत्येक उन्हाळा त्याच्या मागे मागे हिंडण्यात गेला. वास म्हणाल तर चिखलाचा, सुकत्या शेवाळाचा, बाच्या बिडीचा. आज तिथे उंच उंच इमारती आहेत. त्यातल्या कुठल्या इमारतीखाली आमचं आगर गाडलं गेलं ते मला सांगता येणार नाही, आणि सांगून उपयोगही नाही.

विज्ञान मी शाळेत शिकलो नाही, आगरात शिकलो. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, आत घ्यायचं, एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं आणि वाट बघायची. ऊन पाणी पिऊन टाकतं, मीठ तेवढं मागे राहतं. बा बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, "आजून दोन दिस." दोन दिवसांनी मीठ धरलेलं असायचंच. पुढे कारखान्यात वायरमन म्हणून मी नाना तऱ्हेचे मीटर हाताळले, पण त्या जिभेइतका भरवशाचा एकही नव्हता.

तयार मिठाच्या बा नेहमी दोन राशी घालायचा – एक बांधाजवळ, दुसरी लांब गावाच्या बाजूला, उंचवट्यावर. त्या दुसऱ्या राशीसाठी डोक्यावर पाटी घेऊन खेपा घालाव्या लागायच्या, मानेवरून खारट पाणी पाठीत उतरायचं, आणि मी मनातल्या मनात बाला शिव्या द्यायचो. एका उधाणाला त्याने मला उघाडीच्या फळ्या लावायला पाठवलं. मी वाटेत चिंबोऱ्यांच्या बिळांत काड्या घालत बसलो... पाणी आलं तेव्हा घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत, आणि बांधाजवळची रास माझ्या डोळ्यांदेखत खालून खचत, करडी होत पाण्यात गेली. मार बसणार म्हणून मी उभ्या उभ्या रडलो. बाने मारलं नाही. दंडाला धरून उंचवट्यावर नेलं, माडाच्या झापांनी झाकलेली दुसरी रास दाखवली आणि एवढंच म्हणाला, "म्हनून दोन."

हे सगळं मी विसरलो होतो. माणूस शहाणा झाला की असंच विसरतो.

निवृत्त झाल्यावर एका बंद पडलेल्या ऑफिसचा कंप्यूटर मी भंगारातून आणला, खटपट करून चालू केला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर चोवीस तास चालू राहील असा बसवला, कारण रिकामा प्लग-पॉइंट घरात तेवढाच होता. याला घरचा सर्व्हर म्हणतात. घरातले फोटो, गाणी, कागदपत्रं सगळं त्यात, आणि कुठल्याही फोनवरून बघता येतं. कशाला हवा, तर हौस. माणसं कबुतरं पाळतात, मी हे पाळलं. माझी मुलगी मनीषा डोंबिवलीला असते, ती म्हणायची, "पप्पा, हे सगळं क्लाउडवर टाका, कटकट मिटेल." क्लाउड म्हणजे ढग. मिठागरातल्या माणसाला ढगावर विसंबायला सांगत होती पोरगी. शिवाय दुसऱ्याच्या आगरात मी माझं मीठ कशाला ठेवू?

सुमन, माझी बायको, त्या डब्याला "माझी सवत" म्हणायची. "अहो, तिला विचारा, चहा घेणार का?" पण थंडीत इडलीचं पीठ फुगायला त्या डब्याच्या मागेच ठेवायची, कारण त्याच्या पंख्यातून गरम वारा यायचा. "सवत असली तरी अंगात ऊब आहे," असं म्हणून भांड्यावर ताटली ठेवायची आणि वर माझं जुनं मफलर. मनीषाने तिच्याकडून सगळ्या पाककृती फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतल्या होत्या – एक-एक पदार्थ, तिच्या आवाजात, मध्येच कुकरची शिट्टी. त्या मी सर्व्हरमध्ये ठेवल्या. दोन डिस्कांवर ठेवल्या, म्हणजे एक मेली तरी दुसरी आहे. मला वाटलं, काय डोकं चालवलं.

सुमन गेल्या वर्षी गेली. पौष होता. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

या थंडीत मला तिची इडली खावीशी वाटली. तिचा आवाज लावला, तांदूळ-उडीद भिजवले, वाटले. पुढचं येतं मला, म्हणून मध्येच बंद केलं, आणि हाताला लागलेल्या लहान पातेल्यात पीठ काठोकाठ भरून त्या डब्याच्या डोक्यावरच ठेवलं. जास्त ऊब, जास्त फुगेल... सकाळी स्वयंपाकघर शांत होतं. पीठ फुगून जाळीतून आत उतरलं होतं. दोन्ही डिस्का त्याच डब्यात होत्या. दोन्ही राशी मी एकाच बांधावर घातल्या होत्या.

मनीषा धावत आली. तिच्याकडे काही नव्हतं, तिने फोन बदलला तेव्हा तिचं सगळं गेलं होतं. पप्पांकडे आहे म्हणून ती निवांत होती. डोळे पुसत म्हणाली, "दुकानात देऊ या ना."

"दुकानवाल्याला तुझ्या आईचा आवाज ओळखता येतो का?"

"हात कापतो तुमचा, पप्पा."

"कापू दे. सवय आहे त्याला."

खिडकीशी टेबल ओढलं. जुना टूथब्रश, स्पिरिट, कापूस. पीठ सरसासारखं वाळलं होतं, ते कणाकणाने काढलं. एका डिस्कचं सर्किटचं कार्ड शाबूत होतं, पण आतलं चाक फिरेना. दुसरीचं आतलं ठीक होतं, कार्ड जळलं होतं. दोन्ही एकाच जातीच्या, एकत्र घेतलेल्या. मग ठरवलं, दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायची. जळक्या कार्डावरची तांदळाएवढी चिप काढून शाबूत कार्डावर बसवायची आणि ते कार्ड दुसऱ्या डिस्कला लावायचं, तरच डिस्क ओळख देते. तीन वेळा सोल्डर फसलं. पहिल्यांदा हात हलला, दुसऱ्यांदा चष्म्यावर वाफ धरली, तिसऱ्यांदा पोरगी बाजूला बसून श्वास रोखत होती, तिलाच ओरडलो, "श्वास घे, नाहीतर मलाही घेता येत नाही." पाचव्या दिवशी, भर दुपारी, डिस्क फिरली.

आता नवीन मशीन आहे, मूठभर, त्याला पंखाच नाही. तसंच एक मनीषाकडे डोंबिवलीला, तिच्या माळ्यावर. रोज इथलं तिथे उतरतं. दर रविवारी मी स्वतः जाऊन तिथलं एक तरी ऐकून येतो; बा पावसात झापं उचलून रास बघून यायचा, तसंच. मी आहे तोवर यात खंड नाही.

इडलीचं मात्र इथेच ऐकतो, आणि शेवटपर्यंत ऐकतो. ती असताना तिचं बोलणं शेवटपर्यंत मी कधी ऐकून घेतलं नाही, हे खरंच आहे. मी बंद केलं होतं त्याच्या पुढे ती म्हणते, "आणि भांडं मोठं घ्यायचं, फुगतं ते. सवतीच्या डोक्यावर ठेवू नका हां, तिच्या तोंडात जाईल." मग हसते. मग गप्प होते, पण फोन बंद करायला विसरलेली आहे... आणि मागे तो जुना पंखा घरघरत राहतो. इथे माझ्या स्वयंपाकघरात आता कसलाच आवाज नाही. त्या घरघरीत भांड्यावर ताटली ठेवल्याचा एक आवाज येतो, आणि मग संपतं.

आज पीठ मोठ्या पातेल्यात आहे. वर मफलर घातलंय.