गेटवरच्या डब्याचे फॉल्ट

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचत जातात. लोकांनी परत न नेलेले रेडिओ, आणि किस्से. रेडिओ निदान भंगारवाल्याला तरी देता येतात!

आमचं दुकान परभणीत, स्टेशनच्या बाजूला. मुनीरभाई उस्ताद, दुकान त्यांचंच. गौतम वाघमारे आणि मी, असे दोघं मेकॅनिक. रेडिओ, टेप, टीव्ही असं सुरळीत चाललं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय अजून व्हायचा होता, त्या सुमारास गावातल्या बड्या लोकांना एक नवी हौस लागली. दाराचा इंटरकॉम! गेटवर एक डबा, त्यात माइक आणि स्पीकर. घरात भिंतीवर रिसीव्हर. पाहुण्यानं बटण दाबायचं, मालकानं रिसीव्हर उचलून "कोण?" म्हणायचं. खिडकीतून पाहुण्याची चप्पलसुद्धा दिसायची, पण विचारायचं वायरीतूनच.

गौतम पूर्णेचा. त्याची बायको, सुनंदावहिनी, परभणीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. तान्हं लेकरू सासूजवळ ठेवून रोज रेल्वेनं ये-जा करायच्या. गाडी लेट झाली की लेकरू तिकडं रडून लाल, वहिनी इकडं फलाटावर. म्हणून गौतमला परभणीत खोली पाहिजे होती, आणि लवकर पाहिजे होती. परभणीत खोल्या भरपूर होत्या. फक्त याचं आडनाव ऐकलं की लगेच भरून जायच्या.

*

मानवतच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. "डबा मुका झालाय."

एसटीनं गेलो. बघतो तर काय, डब्याची सगळी छिद्रं हळदी-कुंकवानं गच्च लिंपलेली. खंडेनवमीला शेठजींनी तराजू पुजला, मोटार पुजली, मग इंटरकॉमनं काय पाप केलं होतं?

गौतमनं टाचणीनं एकेक छिद्र मोकळं केलं आणि हात जोडून म्हणाला, "शेठजी, माइक वर हाय. कुंकू खाली लावत जा."

शेठजींना पटलं. पुढच्या वर्षी दसरा झाला आणि पुन्हा निरोप आला. पुन्हा मुका! आम्ही डबा उघडला तर आतून पाणी सांडलं.

"कुंकू खालीच लावलं बरं का," शेठजी म्हणाले. "नारळ तेवढा वर फोडला."

*

एका डॉक्टरांकडं वेगळीच तऱ्हा. रिसीव्हर उचलला की अशी शिट्टी वाजायची की गल्लीतली कुत्री उठून बसायची. माइक आणि स्पीकर फार जवळ आले की असं होतं. एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो, दुसऱ्याचा पहिल्यात, आणि दोघं मिळून बोंबलतात. पण गेट आणि हॉल जवळ येतीलच कसे?

आले होते. डॉक्टरांनी आतला रिसीव्हर हॉलमधून काढून ओसरीच्या खांबावर लावून घेतला होता. गेटवरच्या डब्यापासून हातभर अंतरावर.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, हा आत पाहिजे."

"आत लावल्यावर लोकांना दिसणार कसा?"

*

पूर्णेला एक रिटायर्ड स्टेशनमास्तर होते. त्यांच्या डब्यातून दिवसभर घरघर यायची. वायरिंग त्यांनी स्वतः केलेलं, रेल्वेच्या शिस्तीत. लाइटची वायर आणि इंटरकॉमची वायर एकाच पाइपात! लाइटची सगळी गुणगुण आवाजात उतरायची.

मास्तरसाहेब ऐकायला तयार नाहीत. "अख्खी नोकरी झाली माझी. एका लाइनीवर दोन गाड्या कधी येऊ दिल्या न्हाईत मी!"

"मग घरातच कशाला येऊ दिल्या?" गौतमनं विचारलं.

साहेबांनी एकदा पाइपाकडं बघितलं. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, चहा टाक!"

*

खोलीचे किस्से वेगळेच. एका घरावर पाटी होती, 'खोली भाड्याने देणे आहे'. गौतमबरोबर मीही गेलो. मालकीणबाई पाटीखालीच उभ्या.

"मटण-मच्छी करता का?"

"न्हाई करणार," गौतम म्हणाला.

"पाहुणे लय येतेत का?"

"गाव जवळच हाय. कोण कशाला मुक्कामी येतंय?"

"आडनाव काय म्हणलात?"

गौतमनं सांगितलं. बाईंनी पाटीकडं असं बघितलं, जणू ती आत्ताच कोणीतरी आणून टांगली होती. "पाटी काढायची राहिली बघा," म्हणाल्या. ती पाटी उन्हाळाभर तिथंच होती.

मला राग आला. मी गौतमला म्हणालो, "माझ्या नावावर घेऊ खोली. माझं आडनाव चालतंय."

"मग राहायला बी तूच जा," तो म्हणाला.

मुनीरभाई टेपचं हेड पुसता पुसता म्हणाले, "मेरे नाम पे लेता क्या? दोनों मिल के बाहर खड़े रहेंगे!"

*

आणि मग नव्या कॉलनीतले प्राध्यापकसर.

सरांच्या घरी इंटरकॉम आम्हीच बसवला. सर दिलदार माणूस. आम्हाला सोफ्यावर बसवून चहा पाजला, आणि बोलता बोलता म्हणाले, "वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. माणूस चांगला पाहिजे, बाकी आपण काही बघत नाही. नामांतराच्या मोर्चात पहिल्या रांगेत होतो मी."

दुकानात परत येईपर्यंत गौतम शीळ घालत होता. मी त्याला शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो वहिनींना आणि लेकराला घेऊन निघाला, मलाही ओढलं. लेकराला नवं टोपडं. गौतमनं गेटवरचं बटण दाबलं.

"कोण?"

"सर, मी गौतम वाघमारे. इंटरकॉम बसवला ना, तो. खोली बघायला आलो. मंडळी बी संगं हायेत."

मग सरांचा गोड आवाज आला, "अरेरे! कालच दिली हो. जरा आधी यायचं!"

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. रिसीव्हर खाली बसला की खटका दबतो आणि लाइन बंद होते. पण सरांच्या बाईंनी नव्या वस्तूला धूळ लागू नये म्हणून विणलेलं कव्हर चढवलं होतं. त्या लोकरीवर रिसीव्हर टेकला, खटका काही दबला नाही. डबा चालूच राहिला.

"कोणाला दिली?" बाईंचा आवाज. "वर तर कुलूप हाय."

"हळू बोल. वाघमारे म्हणे. उद्या कॉलनीतले काय म्हणतील?"

"मोर्चात तर गेला होतात की तुमी."

"मोर्चा रस्त्यावर होता. हे घर हाय. पोहे दे."

मग बशीवर चमचा वाजला. तोही अगदी स्पष्ट.

मला मान वर करवेना. लाज वाटत होती, आणि गेटला लाथ घालावीशीही वाटत होती. वहिनींनी लेकराचं टोपडं सारखं केलं, एकदा डब्याकडं बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवाज लय साफ बसवलाय तुमी." आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागल्या.

गुरुवारी सर स्वतः दुकानात आले. घाम पुसत स्टुलावर बसले. "अहो, आमच्या इंटरकॉमचं काहीतरी बिघडलंय. घरातलं सगळं बाहेर ऐकू जातंय म्हणे. दूधवाला सांगत होता. काय काय गेलं असेल कोणाच्या कानावर! कधीपासून होत असेल हो हे?"

मुनीरभाईंनी सोल्डरिंग थांबवलं. गौतमनं पिशवीत पक्कड टाकली, टेस्टर टाकला, पिशवी खांद्याला लावली.

"रविवारी सकाळी होतं, सर," तो म्हणाला. "चला, बघू."