अकरा मिनिटांची चाल

पाऊलबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण स्टुडिओत गेली तीस वर्षं तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. दारावरच्या पहारेकऱ्याला तिचं खरं नाव सांगून भेटायला गेलात, तर तो ‘अशी कोणी इथे काम करत नाही’ म्हणून तुम्हाला खुशाल वाटेला लावील.

तिचं काम साधं सांगायचं तर चालण्याचं. सिनेमात नट चालतो तेव्हा ऐकू येणारं पाऊल बहुतेक वेळा त्याचं नसतं. शूटिंगच्या वेळी पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, कोणाचा तरी खोकला असं सगळंच ध्वनिमुद्रित होतं. म्हणून नंतर एका बंद खोलीत, पडद्यावरच्या माणसाकडे डोळे लावून, पाऊलबाई त्याची पावलं टाकते. तिच्या कपाटात चपला-बुटांचे बेचाळीस जोड आहेत आणि त्यातला एकही तिच्या आवडीचा नाही. नायक तिने पळवले, खलनायक जिने चढवले, एकदा तर अख्खी पलटण एकटीने चालवली. पण सगळं तुकड्यातुकड्यांत. दार उघडून नायक आत आला की तिचं काम संपायचं आणि गाणं सुरू व्हायचं. कुणा एका माणसाला पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत आपल्या पायांनी चालवावं, एवढीच तिची हौस होती. तीस वर्षांत ती काही भागली नव्हती.

चार वर्षांपूर्वी एक नवखी दिग्दर्शिका आपला छोटा सिनेमा घेऊन स्टुडिओत आली. सिनेमा होता अकरा मिनिटांचा. अंथरुणाला खिळलेला नवरा, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. घरात वावरणारी बायको एकदाही दिसत नाही, नुसती ऐकू येते. म्हणजे अकरा मिनिटं सगळा डोलारा पाऊलबाईच्या पायांवर.

नेमका त्या काळात तिचा उजवा गुडघा गेलेला होता. तीन वर्षं दुखत होता आणि तीन वर्षं ती कोणाला कळू देत नव्हती. लेक बरोबर राहायची, तीही औषधांच्या दुकानात कामाला, पण घरातल्या माणसाचं दुखणं दिसायला घरात कोण बघत असतं? त्या दिवशी माइकसमोर पाऊलबाईने जिवाच्या आकांताने सरळ पावलं टाकली. अर्ध्या दिवसात काम आटोपलं.

तिच्याबरोबर तीस वर्षं काम केलेला रेकॉर्डिस्ट ऐकून खूश झाला. येईल त्याला सांगायचा, “बाईंनी उजव्या पायात कसलं बारीक दुखणं घातलंय, ऐकलंत का? याला म्हणतात कला!” बाई काय बोलणार? मान खाली घालून हसली. लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी आणखी कौतुक केलं.

सिनेमाचा खेळ झाला तेव्हा लेक शेजारी बसली होती. अंधारात दुसरं काही ऐकण्यासारखं नव्हतंच. बाहेर आल्यावर तिने विचारलं,

“आई, उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?”

“कुठला गुडघा?”

“आई.”

तीन वर्षं एका घरात राहून आईने आपल्याला फसवलं, याचा लेकीला फार राग आला. त्याहून जास्त राग आपल्याला कळलं नाही याचा आला असावा, पण तो काढायलाही आईच सापडली. दोन महिन्यांत ऑपरेशन झालं. सांधा नवा बसला, पाऊलबाई दोन-दोन पायऱ्या चढायला लागली. यापुढे काही लपवायचं नाही, असं लेकीने तिच्याकडून कबूल करून घेतलं.

इकडे एका निर्मात्याला तो छोटा सिनेमा आवडला आणि त्याला तो मोठा करून हवा होता. अकरा मिनिटांची एकशे आठ मिनिटं करायची म्हणजे नुसतं पाणी घालून भागत नाही. नवऱ्याच्या एका चेहऱ्यावर लोक दोन तास थोडेच बसतात! म्हणजे बायकोला पडद्यावर आणणं आलं. त्यासाठी एक कसलेली नटी घेतली. तिने दोन महिने कानाला हेडफोन लावून छोट्या सिनेमातली पावलं ऐकली आणि उजव्या पायातली ती बारीक खोच हुबेहूब उचलली. सगळं शूटिंग त्या चालीत झालं.

“मावशी, ही चाल मुळात तुमची,” दिग्दर्शिका म्हणाली. “सगळ्या सिनेमाभर तिची पावलं तुम्हीच टाकायची.”

पाऊलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लपवायच्या भानगडीत पडली नाही.

पहिल्या दिवशी पडदा लागला. नटी स्वयंपाकघरातून पाण्याचं भांडं घेऊन निघाली, तिच्याबरोबर पाऊलबाई निघाली. नवा सांधा कसा खणखणीत! पावलं अशी पडली की जणू पडद्यावरची बाई कवायतीला निघालीय. मग पाऊलबाई लंगडली. रेकॉर्डिस्टने हात वर केला.

“बाई, ही लंगडतेय.”

“लंगडतेच की ती.”

“ती नाही हो लंगडत,” तो म्हणाला, पण मग ती काय करते ते त्यालाही सांगता येईना.

तिने घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाहिली. एक टाच झिजलेला बूट घालून पाहिला. आपली नक्कल करणाऱ्या बाईची नक्कल करायची होती आणि तीच साधेना. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, दिग्दर्शिका सोफ्यावरून उठून जवळ आली. “मावशी, रागावू नका. तारीख अंगावर आलीय. सोमवारी नाही जमलं, तर दुसऱ्या स्टुडिओत एक जण आहे.” तिच्या जागी पाऊलबाईनेही हेच केलं असतं. तरी तिला फार वाईट वाटलं.

सगळे गेल्यावर तिने रेकॉर्डिस्टला छोटा सिनेमा लावायला सांगितला. तो तिने आजवर नीट ऐकलाच नव्हता. खेळाच्या वेळी कौतुक ऐकण्यातच कान गुंतले होते. आता तिने तीनदा ऐकला. ती बाई खरंच लंगडत नव्हती. ती न लंगडण्यासाठी धडपडत होती. उजवं पाऊल जरासं उशिरा टेकायचं आणि ते झाकायला डावं घाई करायचं.

निघताना तिने आवारातला एक खडा उचलला. घरी गेल्यावर पायातल्या बंद सपातेत, उजव्या टाचेखाली ठेवला. रविवारी लेकीला सुट्टी होती. लेक कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि पाऊलबाई तिच्यासमोरून पाणी भरत होती, भांडी मांडत होती, पुन्हा उचलत होती, आणि एकेक पाऊल सरळ पडावं म्हणून जीव टाकत होती.

“किती येरझाऱ्या घालतेस गं! बस ना जरा,” लेक म्हणाली, तेही मान वर न करता.

पकडली गेली नाही म्हणून पाऊलबाईला आनंद झाला. आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बरोबरच होती.

सोमवारी तोच खडा बुटात होता. स्वयंपाकघरापासून अंथरुणापर्यंतचं चार मिनिटांचं दृश्य एका दमात झालं. रेकॉर्डिस्टने हेडफोन काढले, पुन्हा घातले, पुन्हा ऐकलं. दिग्दर्शिका सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, आणि तिने फोन करून दुसऱ्या स्टुडिओला नको म्हणून सांगितलं.

मधल्या सुट्टीत पाऊलबाईने बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. रेकॉर्डिस्टने ते पाहिलं.

“बाई, अजून नऊ दिवसांचं काम आहे.”

“ठाऊक आहे.”

“लेकीला सांगितलंत?”

“तिला सांगितलं तर लपवू कोणापासून?”

त्याने कपाटातून कापूस आणि पट्टी काढून तिच्यासमोर ठेवली. तेवढ्यात लेकीचा फोन आला. आईचं दिवसभर उभ्याने काम, म्हणून ती आताशा रोज या वेळी चौकशी करायची.

“आई, गुडघा कसा आहे?”

“गुडघा अगदी ठणठणीत आहे,” पाऊलबाई म्हणाली. हे तिने शपथेवरही सांगितलं असतं, कारण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

“बघ हं, लपवत नाहीस ना काही?”

“जेवलीस का तू?” पाऊलबाईने विचारलं. मग फोन ठेवला, खडा टाचेखाली नीट बसवला, बुटाची नाडी आवळली आणि रेकॉर्डिस्टला पुढचं दृश्य लावायला सांगितलं.