गोलकीपर लटारू आणि मंगरूची शिट्टी

घुग्घुसजवळच्या आमच्या कोळसा खाणीने १९५३ साली हॉकीचा संघ काढला. खेळाडूंच्या पगारात थोडी भर पडायची, म्हणून मी बॅकला उभा राहिलो. लटारू मात्र हौसेने गोलकीपर झाला. खाली खाणीत डब्यात कोळसा भरणारा हा धिप्पाड गडी घरीसुद्धा पॅड बांधून जेवायचा, असं त्याची बायको सुगंधाबाई सांगायची.

पहिल्याच सामन्यात घोळ झाला. खाणीत सुरुंग उडवण्याआधी मंगरू शिट्टी मारायचा. ती ऐकली की हातातलं टाकून जवळच्या कोळशाच्या खांबाआड पाठ टेकायची. विचार करत बसला तो मेला. सामना बघणाऱ्या कुणीतरी शिट्टी मारली आणि लटारू गोलपोस्टला पाठ लावून डोळे मिटून उभा राहिला. चेंडू आरामात आत गेला. अंग आम्हीही चोरलं, पण आम्ही पळत होतो. त्याच्या दोन्ही हातांना खांब.

नदीपलीकडच्या संघाने हे बरोबर हेरलं. त्यांची माणसं शिट्ट्या मारायलाच यायची. पंच म्हणे, लोकांच्या तोंडाला मी कुलूप कसं लावू? दुसरा हंगाम तसाच गेला. मला त्या पंचाचा अजून राग येतो.

तिसऱ्या वर्षी कॅप्टन गुणवंतरावांनी मनावर घेतलं. ते ऑफिसातले बाबू, खाणीत कधी उतरलेले नाहीत. पावसाळाभर ते शिट्टी मारत राहिले आणि लटारू जागेवर उभं राहायला शिकला. आम्ही खूश झालो. आम्ही गाढव होतो.

एका सकाळी खाली मंगरूची शिट्टी झाली. लटारू फावडं मारतच राहिला. मी त्याला मानगुटीला धरून खांबाआड ओढला. तो उभा होता तिथे पाटीएवढं ढेकूळ येऊन पडलं.

संध्याकाळी त्याने पॅड गुणवंतरावांच्या टेबलावर ठेवले. "भाऊ, मले खेळाचा लई शौक हाये. पण सुगंधा घरी वाट पाह्यते." पॅडवरून हात फिरवून तो निघून गेला. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

त्याच्याविना आम्ही तो हंगामही हरलो. एक दिवस खाणीत उतरण्याआधी दिवे घ्यायच्या रांगेत मंगरू म्हणाला, "शिट्टीच काऊन पाह्यजे? रुळाचा तुकडा टांगतो, घणानं वाजवतो. लटारूले खेळू द्या." दूरच्या बोगद्यात शिट्टी तशीही नीट पोचत नव्हती, त्यामुळे खाणीचे साहेबही तयार झाले. एका गोलकीपरसाठी अख्खी खाण नव्या आवाजाला पाठ टेकायला शिकली. महिनाभर कुणी कुरकुरलं नाही.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि लटारू गोलात परत आला. शेवटच्या सामन्यात आम्ही एका गोलाने पुढे होतो. पलीकडच्यांचा गडी चेंडू घेऊन सुटला आणि मैदानाभोवती शिट्ट्यांचा नुसता कल्ला उठला. लटारू हलला नाही. डोळे उघडे ठेवून त्याने पायाने चेंडू अडवला.

सामना संपला. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही स्पर्धा जिंकलो होतो. गुणवंतरावांच्या हातात कप आला. मंगरूने बैलबंडीत घालून रुळाचा तुकडा आणला होता. आनंदाच्या भरात त्याने तो कडुलिंबाला टांगला आणि घण हाणला.

आम्ही दहाही जण पळत जाऊन गोलपोस्टला चिकटलो. मैदानाच्या मधोमध एकटे गुणवंतराव कप धरून उभे. नदीपलीकडचे आ वासून बघत होते.

लटारू सर्वांच्या आधी पोचला होता. तो जरासा सरकला आणि मला म्हणाला, "ये, लई जागा हाये."