सरूबाईंचा गिलावा

आंदर मावळातल्या सरूबाईंचं घर सिमेंटचं होऊन सहा वर्षं झाली होती. मातीची भिंत उरली होती ती फक्त गोठ्याची. ती बघायला तळेगावहून एक बाई आल्या, तेव्हा सरूबाईंना वाटलं, गोठा पाडायची नोटीसच आली.

आलेल्या बाई आर्किटेक्ट होत्या. नाव कौमुदी. मळवलीजवळ जैवतंत्रज्ञानाच्या संशोधनाची इमारत उभी करायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि विचारलं, "मावशी, हा गिलावा कुणी केला?"

"मीच. दर साली दिवाळीआधी करती. का वं?"

"आमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना असाच हवाय. याल तुम्ही?"

सरूबाईंची सून अनिता दारातच हसायला लागली. "अवो ताई, मातीला कटाळूनच तर आमी हे घर बांधलं!"

कौमुदीताईंनी समजावलं. आत प्रयोगशाळा, तिथे ऊन-थंडी काही लागू द्यायची नाही. नुसती मशीन लावून गार ठेवायची तर वीज फार जाते. म्हणून बाहेरून मातीच्या विटांची दुसरी भिंत, मध्ये पोकळी, वर पावसाचा मारा अडवणारं रुंद छप्पर. सरूबाईंना निम्मं कळलं. पण एवढं शिकलेलं माणूस आपल्या हातचं काम मागतंय, म्हणून त्या गेल्या.

पहिल्याच दिवशी त्यांना सांगण्यात आलं की गिलाव्यात शेण घालायचं नाही.

"मग धरणार कशानं?"

"आत फार बारीक जीव वाढवतात, मावशी. बाहेरचे जीव त्यांच्यात मिसळले तर महिनोन्‌महिन्यांचं काम वाया जातं. शेणात असे जीव खूप असतात."

नमुन्याची भिंत सरूबाईंनी नुसत्या मातीनं आणि भाताच्या तुसानं लिंपली. आठ दिवसांत ती तडकली. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला असं अपयश आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून शेण बांधून आणलं आणि कुणाला न सांगता अर्धी भिंत पुन्हा लिंपली. ती अर्धी सुरेख वाळली, कुठे भेग नाही. कौमुदीताईंनी आनंदानं फोटो काढले आणि इमारतीत काम करणार असलेले शास्त्रज्ञ यशोधन यांना बोलावून आणलं.

"तीच माती, मावशी?" यशोधननी विचारलं. "मग ही बाजू का नाही फाटली?"

सरूबाईंनी खरं सांगून टाकलं. "सायेब, ह्यात शेण हाय. मी इचारलं न्हाई कुनाला. चुकलं माझं."

कौमुदीताईंचा चेहरा उतरला. यशोधननी त्या भिंतीची थोडी माती खरवडून बाटलीत भरली आणि निघून गेले. सरूबाईंना वाटलं, पुरावा नेला. त्या घरीच बसल्या. आठवडा गेल्यावर कौमुदीताईंचा अनिताच्या फोनवर निरोप आला, मावशींना पाठवा.

साइटवरच्या खोलीत यशोधननी काचेची एक झाकणबंद बशी समोर धरली. तिच्यात पांढरे, पिवळे, राखाडी ठिपके उमटले होते.

"हे तुमच्या गिलाव्यातले जीव."

"कीड म्हणायची का?"

"नाही हो. ह्यांतल्या काहींपासून औषधंसुद्धा मिळतात. मी तेच काम करतो."

सरूबाईंनी बशीकडे पाहिलं, मग खिडकीतून भिंतीकडे. "म्हंजी भितीत नको म्हनून हाकलायचं, आन्‌ काचंत घालून खायला घालायचं?"

यशोधननी डोकं खाजवलं. "असंच आहे खरं. आत हवा आम्ही आणू तोच जीव, आणि आम्ही आणू तेव्हाच. पण शेणाशिवाय दुसरं काही नाही का?"

सरूबाई विचारात पडल्या. मग त्यांना आठवलं, त्या लहान असताना एका साली रोगानं गावची गुरं गेली होती. तेव्हा त्यांच्या आईनं भाताचा पेंढा पाण्यात कुजवून तो चिकट लगदा मातीत मळला होता. त्यांनी तसंच करून पाहिलं. पंधरा दिवस साइटवर कुजक्या पेंढ्याचा वास सुटला होता. सरूबाईंना कळेना, ह्यात जीव नसतील होय? यशोधन म्हणाले, असतील, पण वाळल्यावर वरून चुन्याचा हात द्या, म्हणजे चालेल. शेणात जीव फार, त्यांना चुना पुरला नसता, असंही ते म्हणाले. भिंत मात्र टिकली. सरूबाईंनी गावच्या चार बायका आणून अख्खी इमारत लिंपली.

इमारत सुरू झाल्यावर कौमुदीताईंनी त्यांना आत नेलं. पायांत निळ्या पिशव्या चढवायला लावल्या. जाड काचेपलीकडे नाकतोंड झाकलेली एक मुलगी काचेच्या पेटीत हात घालून बसली होती. सरूबाईंनी हात हलवला. मुलीचे हात गुंतलेले, तिनं नुसती मान हलवली.

"हिला वारं कवा लागायचं?"

"जेवायला बाहेर येते की. तुमच्या भिंतीच्या सावलीत बसते."

सरूबाई बाहेर भिंतीलगतच्या ओट्यावर तिची वाट बघत थांबल्या. मुलगी डबा घेऊन आली. सारिका तिचं नाव, लोणावळ्याची. पेटीत काय करतेस, असं सरूबाईंनी विचारलं. सारिका उत्साहानं बराच वेळ सांगत राहिली. सरूबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिच्याच डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "बाय, लय चांगलं सांगितलंस, पन कळलं काईच न्हाई. आता पयल्यापासनं सांग."